मुंगीचा गृहपाठ

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत, त्याची सासूसुद्धा. दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या दारावरची नावं, टेम्पोच्या पाठीवरचे फोन नंबर, पार्किंगमधले पिवळे पट्टे, असं रंग आणि सरळ हात लागणारं सगळं काम तो करी. छापील बोर्डांनी त्याचा अर्धा धंदा खाल्ला होता. तरी तो टिकून होता, कारण कोणाचंही अक्षर त्याला हुबेहूब उचलता येई. जुन्या पाटीवरचं अर्धं नाव उडालेलं असो, ती पाटी रंगवणारा वीस वर्षांपूर्वी वारलेला असो, हा त्या माणसाच्याच वळणाने उरलेलं नाव पुरं करून देई. जोड कुठे आहे ते मालकालाही सापडत नसे. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे.

आणि हीच करामत त्याच्या अंगाशी आली.

घरात माणसं तीन. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुपारच्या पाळीला जायची, ती जेवायच्या वेळेला परतायची. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. शाळेच्या पटावर तिचं भलंमोठं नाव होतं, पण चालायला लागल्यापासून ती भिंतीला धरून सरळ रेषेत चालायची, म्हणून घरात ती मुंगी झाली आणि पुढे शाळेतही मुंगीच राहिली. तिला ऑटिझम आहे हे ती चार वर्षांची असताना कळलं. डॉक्टर पाऊण तास समजावत होते. पेंटरने सगळं ऐकून घेतलं, घरी आला आणि मुंगीला सहन होणारा एकच रंग, फिकट राखाडी, तिच्या खोलीच्या चारही भिंतींना लावून दिला. समजून घेण्याची त्याची रीत तेवढीच होती, आणि ती वाईट नव्हती.

शाळा साधी, सगळ्या मुलांची. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रवेश देतानाच स्पष्ट सांगितलं होतं, "वर्षभर बघू. वर्गाबरोबर चालली तर राहील. नाही चालली तर तिच्यासाठी वेगळी शाळा शोधावी लागेल." वेगळी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिथे जागा नव्हती. म्हणजे मुंगी इथून निघाली की घरी बसणार, एवढा साधा हिशेब होता.

वर्गात मुंगी कानावर हेडफोन लावून बसे. ऐके सगळं, तोंडी विचारलं तर उत्तरही देई, पण चाळीस मुलांच्या गोंगाटात पेन्सिल हातात धरत नसे. वर्गाच्या बाई तरुण होत्या, तळमळीच्या होत्या. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. घरी शांततेत लिहू दे. मी तिचा गृहपाठच बघेन." म्हणजे मुंगीला लिहिता येतं याचा एकमेव पुरावा घरची वही.

गृहपाठ रोज चार पानं. दोन पानं उतरवून काढायची, एक गणितांचं, एक शब्दांचं. खाली एक चौकट असायची, 'किती वेळ लागला', आणि तिच्याशेजारी पालकांची सही. मुलांना किती अभ्यास झेपतो हे आपल्याला कळावं म्हणून बाईंनी ती चौकट स्वतःच्या डोक्याने काढली होती. बिचारीने चांगल्या मनाने काढली होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या आठवड्यात मुंगीने चार पानांना अडीच तास घेतले. पेन्सिल इतकी दाबायची की टोक मोडायचं, आणि टोक मोडलं की ती पूर्ण पान फाडून पहिल्या शब्दापासून सुरू करायची. सहाव्यांदा पान फाटलं तेव्हा तिने स्वतःच्या मनगटाला दात लावले. पेंटरने तिला धरलं तर ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. पुढचे तीन दिवस तिने शाळेचा बूट पायात घालू दिला नाही.

चौथ्या दिवशी मुंगी जमिनीवर रंगाच्या डब्यांची झाकणं ओळीने मांडत बसली होती. बायको कामावर होती. पेंटरने वही उघडली, तिचं पहिल्या आठवड्याचं पान समोर ठेवलं आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली. उजव्या हातातली सफाई लपली नसती. मोठ्या, थरथरत्या, उजवीकडे चढत जाणाऱ्या त्या अक्षरात त्याने एका दमात चार पानं उतरवून काढली. अठरा मिनिटं लागली. लहान मुलीला अठरा मिनिटं म्हणजे अतीच कमी, असा विचार करून त्याने चौकटीत 'तीस मिनिटं' लिहिलं आणि सही ठोकली.

एकदाच करायचं, असं त्याने ठरवलं होतं. असं ठरवणारे सगळे पुढे काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे.

मुंगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, मनगटावरचे व्रण बुजले, घर शांत झालं. रोज संध्याकाळी सहा वाजता मुंगी दप्तरातून वही काढून बापासमोर ठेवायची आणि आपल्या झाकणांकडे वळायची. तिच्या लेखी तो घरातला नियम होता, जसा केर काढणं आईकडे आणि रोपांना पाणी घालणं तिच्याकडे.

इथवर एखादा साधा बापही गेला असता. पेंटरची चूक पुढची आहे, आणि ती पेंटरच करू जाणे. तेच तेच वेडंवाकडं अक्षर रोज काढायचा त्याला कंटाळा आला. शिवाय त्याच्यातला कारागीर म्हणाला, लहान मूल वर्षभर एकसारखं लिहील कसं? खोटं वाटेल ते. मग तो दर आठवड्याला अक्षर जरासं सुधारू लागला. आधी चढण कमी केली, मग थरथर, मग शब्दांमधली अंतरं सारखी केली. अधूनमधून एखादा दिवस मुद्दाम बिघडवायचा, कारण खरी प्रगती कधी सरळ रेषेत होत नाही. वर्षभराची ती वही पाहून त्याला स्वतःलाच कौतुक वाटे. आयुष्यात इतकं बारीक काम त्याने कुठल्याही पाटीवर केलं नव्हतं.

आणि एका शनिवारी खालच्या काकू जिन्यात आडव्या आल्या. त्यांची नात मुंगीच्याच वर्गात होती.

"पेंटर, एक विचारू? तुमची मुंगी खरंच अर्ध्या तासात सगळं संपवते?"

"का हो काकू?"

"अहो, बाई वर्गात तिची वही दाखवतात. म्हणतात, बघा, हिला किती अडचणी आहेत, तरी रोज चार पानं तीस मिनिटांत लिहिते आणि अक्षर कसं सुधारलंय बघा. मग तुम्हाला काय झालं? आमच्या पोरीला दोन-दोन तास लागतात. मी चौकटीत खरं लिहिलं तर बाई म्हणतात टंगळमंगळ करत असेल. आता सोमवारपासून पानं सहा करणार आहेत म्हणे. काल पोरगी जेवताना ताटावरच झोपली हो."

पेंटरने काहीतरी हं-हं केलं आणि वर निघून आला.

बायकोपासून त्याने हे लपवलं होतं, पण आता पोटात ठेवणं शक्य नव्हतं. रविवारी सकाळी तिने कपडे वाळत घालायला घेतले आणि त्याने सगळं ओकून टाकलं. ती ऐकत गेली, हातातली चादर तशीच ओली धरून. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती घाबरली.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुला. आत्ता."

"मग तोंड बंद ठेव."

"अगं, चाळीस पोरांच्या बोकांडी बसलंय माझं अक्षर! उद्यापासून सहा पानं."

"चाळीस पोरं शाळेत राहतील. आपली घरी बसेल. तू बोललास की मोठ्या बाई विचारणार, मग हिने वर्षभरात काय लिहिलं? काय दाखवशील?"

पेंटर टोपलीतले चिमटे चाळवू लागला.

"सहा तर सहा लिही," बायको म्हणाली, आणि चादर इतक्या जोरात झटकली की पाणी त्याच्या तोंडावर उडालं. "तूच सुरू केलंस ना? मग आता नीट निभाव."

बुधवारी पालकांची सभा होती. सहा पानांवर बरीच कुरकुर झाली होती म्हणून मोठ्या बाईंनी ती बोलावली होती. पेंटर आणि बायको दुसऱ्या रांगेत, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. बायकोने त्याचा पंजा आपल्या पंजात धरून ठेवला होता, आणि ते प्रेमाने नव्हतं.

एक वडील म्हणाले, एवढ्याशा मुलांना गृहपाठ कशाला, खेळू द्या. एक आई म्हणाल्या, अहो पुढे स्पर्धा किती आहे, सहा काय, आठ पानं द्या. काकू म्हणाल्या, मला पानं कळत नाहीत, माझी नात रडते एवढंच मला कळतं. मोठ्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि वर्गाच्या बाईंकडे पाहिलं.

बाई उभ्या राहिल्या. हातात मुंगीची वही.

"मी अंदाजाने बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर वेळेची नोंद ठेवलीय. ही एका मुलीची वही. तिला ऑटिझम आहे, तिच्या पालकांची हरकत नसेल असं धरते. रोज चार पानं, सरासरी तीस मिनिटं. आणि हे पहिलं पान, हे आजचं. रोजच्या सरावाने काय होतं ते तुम्हीच बघा. तिला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?"

वही रांगांमधून फिरू लागली. लोक पानं उलटत होते, मान डोलावत होते. एका आईने पेंटरकडे वळून हात जोडले, "धन्य आहात तुम्ही दोघं." बायकोची नखं पेंटरच्या तळहातात रुतली होती. वही काकूंच्या हातात आली. त्यांनी पान उलटलं नाही, नुसती मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमचीच पोर मंद."

पेंटरने हात सोडवून घेतला.

"ते मी लिहिलंय," तो उभा राहत म्हणाला.

कोणालाच कळलं नाही. बाई हसून म्हणाल्या, "हो, तुम्ही मदत करत असालच—"

"मदत नाही. सगळं मीच लिहिलंय. पहिला आठवडा तिचा, बाकी वर्षभर मी. ते तीस मिनिटं पण मीच लिहिलंय. मला अठरा लागायची."

"मुंगीचे बाबा, असं कसं होईल? अक्षर मुलाचं आहे हे. मी रोज तपासते."

शब्दांनी भागणार नव्हतं. पेंटर फळ्याकडे गेला. भिंतीवर आखणी करायला तो रोज खडूच वापरी, त्यामुळे खडू हातात आल्यावर त्याला निदान उभं राहता आलं. डाव्या हाताने त्याने पहिल्या आठवड्याचं अक्षर काढलं, मोठं, थरथरतं, वर चढणारं. त्याखाली दिवाणखान्यातल्या भिंतीवर उंची मोजत जावी तशी एकेका महिन्याची ओळ काढत गेला. शेवटी आजच्या पानावरची ओळ. मग मागे न वळता म्हणाला, "मध्ये मध्ये बिघडवायचो. खरं वाटावं म्हणून."

आणि मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "गणितं आमच्याकडे मीच करतो. तो नुसती उतरवतो."

"शब्दांचं पान माझं असतं," कोणीतरी म्हणालं.

ज्यांना आठ पानं हवी होती त्या आई म्हणाल्या, "उतरवायची पानं आमच्याकडे आजोबा काढतात." आणि रुमालाने तोंड पुसू लागल्या.

दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हणजे मी वर्षभर तुमच्या वह्या तपासत होते," त्या म्हणाल्या. "मुलांना किती झेपतं ते मला ठाऊकच नाही. कोणी सांगितलंच नाही."

"सांगायची भीती वाटते हो, बाई," काकू म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी तिथेच निर्णय दिला. चार पानं बंद, सहाही बंद. महिनाभर रोज एकच प्रश्न, 'आज तू काय पाहिलंस?' दहा मिनिटं घड्याळ लावायचं, मुलाच्या हातून होईल तेवढं, दहा मिनिटं झाली की वही बंद. काहीच झालं नाही तर कोरं पान पाठवायचं, पण पालकांनी पेन्सिलीला हात लावायचा नाही. नंतर त्यांनी पेंटर आणि त्याच्या बायकोला थांबवून घेतलं. "तुम्ही खरं बोललात त्याचं मला बरं वाटलं. पण मुंगीबद्दल आता माझ्याकडे काहीच नाही. महिनाअखेर तिची वही बघून ठरवेन."

घरी जाताना बायको त्याच्यापासून चार पावलं पुढे चालत होती. दारात किल्ली लावताना म्हणाली, "बोलायलाच हवं होतं. पण तिला घरी बसवली ना, तर मी तुला माफ करणार नाही." तिने दोन्ही गोष्टी मनापासून म्हटल्या.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता पेंटरने घड्याळ लावलं आणि वही मुंगीपुढे ठेवली. मुंगीने ती उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"बाबाचं काम."

"आता तू लिहायचं, मुंगे."

"बाबाचं काम," ती म्हणाली आणि झाकणांकडे वळली. दहा मिनिटांनी घड्याळ वाजलं. पेंटरने कोऱ्या पानाखाली लिहिलं, 'दहा मिनिटं. काही लिहिलं नाही.' खाली सही केली. आजवर इतकं जड काही त्याने लिहिलं नव्हतं.

असं अकरा दिवस चाललं. अकरा कोरी पानं शाळेत गेली. काकूंची नात तीन-चार ओळी लिहून मजेत खाली खेळायला जात होती, तिचा आवाज वर येई आणि पेंटरचे हात शिवशिवत. एक ओळ, बस एकच ओळ, कोणाला कळणार होतं? तो हात मांडीखाली दाबून बसे. बायको आल्याआल्या वही उघडून बघे आणि मिटून ठेवी.

बाराव्या दिवशी मुंगीने वही पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. पेंटर थकला होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "ते काम गेलं माझं. बाईंनी मला काढून टाकलं."

मुंगी थांबली. हातात झाकण तसंच.

"का?"

"खोटं लिहायचो म्हणून."

तिने विचार केला. "मग आता कोण करणार?"

"कोणी नाही. जागा रिकामी आहे."

मुंगीने झाकण ओळीत ठेवलं, आली, पेन्सिल घेतली. टोक मोडलं. पेंटरने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती डब्यातली दुसरी पेन्सिल घेऊन लिहीत होती, पान न फाडता. एका बाजूला तिचं ओठ चावणं चालू होतं. सात मिनिटांनी तिने पेन्सिल ठेवली.

'झाकणं सतरा आहेत. एक वाकडं आहे. ते पण मोजलं.'

पेंटरने वही उजेडात धरली. अक्षर बारीक होतं, काळंभोर, ताठ. चढण नव्हती, थरथर नव्हती. वर्षभर त्याने मोठ्या मायेने तिचं म्हणून काढलेल्या अक्षराशी याचं काडीचं नातं नव्हतं. या मुलीच्या हाताला वर्षभरात काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं. त्याला आनंद झाला आणि लाजही वाटली. मग त्याने खाली 'सात मिनिटं' लिहिलं आणि सही केली.

सकाळी दोघं नवरा-बायको मुंगीला घेऊन वर्ग भरायच्या आधी शाळेत पोचले. बाईंनी पान पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मुंगीचे बाबा. पुन्हा?"

"नाही हो बाई, शपथ—"

"हे तिचं अक्षर नाही."

पहिला आठवडा सोडला तर बाईंना मुंगीचं एकच अक्षर ठाऊक होतं, ते पेंटरने काढलेलं. खोटं त्याने इतकं खरं करून ठेवलं होतं की आता खरं खोटं ठरत होतं. फळ्यावर काय काय काढता येतं ते त्याने स्वतःच सगळ्यांना दाखवलं होतं, आता त्याच्या शपथेला कोण विचारतो? बायको भिंतीला टेकली.

बाईंनी दोघांकडे पाहिलं, आणि मग खाली वाकल्या. "मुंगी, हे कोणी लिहिलं?"

मुंगी भिंतीकडे बघत म्हणाली, "मी."

"मला आत्ता लिहून दाखवतेस? हीच ओळ?"

"नाही."

"का गं?"

"लिहून झालंय."

पेंटरच्या जिभेवर आलं होतं, लिही ना बाळा, एकच ओळ, तुझी शाळा आहे यात. वर्षभर तो तिच्या आणि शाळेच्या मध्ये असाच घुसत आला होता. त्याने दातांखाली जीभ धरली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि तीही गप्प राहिली. बाहेर घंटा झाली. मुंगीने हेडफोन कानावर चढवला आणि भिंतीच्या कडेने आपल्या बाकाकडे चालू लागली.

बाईंनी वही मागे उलटत नेली, अकरा कोरी पानं, प्रत्येकाखाली पेंटरची सही. मग त्यांनी वही टेबलावर ठेवली, लाल पेन उघडलं, 'सात मिनिटं'च्या पुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "मोठ्या बाईंना मी सांगते, हे तिचंच आहे."